मामांचं खळ्यावरचं दंडवत

कवठे येमाई,
९ जानेवारी २०००

चि. गौतमी,
मामाचा जयभीम आणि आशीर्वाद.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण पप्पूच्या एसटीडी बूथमध्ये माणूस काय बोलला ते तो घरी पोचायच्या आत गावभर होतं. तू दौंडच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट म्हणून लागलीस आणि दारावर तुझ्या नावाची पाटी लागली, हे तुझ्या आईनं कळवलं. आपल्या घरातलं दारावर लागलेलं हे पहिलं नाव. तुझी मामी विचारत होती, फिजिओ म्हणजे काय. मी सांगितलं, हाडांच्या डॉक्टरच्या वरची पोस्ट.

आता खाजगी. माझी कंबर धरली आहे. मागच्या आठवड्यात ट्रॅक्टर भरायचा होता. तरुण पोरं कांद्याच्या गोणीकडं नुसती बघत उभी होती. मी म्हटलं, व्हा बाजूला. गोणी ट्रॅक्टरमध्ये गेली आणि कंबर खालीच राहिली. तेव्हापासून वाकलो की उठता येत नाही आणि उठलो की वाकता येत नाही. एस.टी.त तीस वर्षं उभ्यानं कंडक्टरकी केली, तेव्हा कधी कुरकुर केली नव्हती या कंबरेनं.

कंबरेचं मला एवढं वाटत नाही, जयंतीचं वाटतं. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत लेझमाच्या पुढं शिट्टी घेऊन मी असतो. यंदा मंडळाचा सचिव सतीश झालाय. कुरकुंभला केमिकल कंपनीत आहे, सुट्टीला गावी येतो आणि मीटिंग घेतो. दर मीटिंगला म्हणतो, "मामांला आता मान द्याया पायजे." त्याचा मान म्हणजे हार घालून जीपमध्ये बसवायचं. जीपमध्ये बसलेला माणूस परत खाली उतरत नाही, गौतमी. शेजारच्या अनसाबाईच्या मालकांना असंच बसवलं होतं. पुढच्या वर्षी जीपमध्ये त्यांचा फोटो होता.

तरी एखादी जोरदार गोळी किंवा इंजेक्शन सुचव. कंबरेची गोष्ट तुझ्या-माझ्यात राहू दे. सतीशला कळलं तर जीप पक्की.

तुझा मामा,
ज्ञानदेव

ता.क. मी जाई मामी. पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं म्हणून लिहिते. गोणी वगैरे काही नव्हती. खाटेखाली चप्पल गेली होती, ती काढायला हे वाकले आणि तसेच राहिले. जेवणसुद्धा त्याच अवस्थेत केलं.

*

दौंड,
१६ जानेवारी २०००

ती. मामा आणि मामी,
सप्रेम जयभीम.

मामा, गोणीचं वजन विचारत नाही. गोळीनं दुखणं झोपेल, पण पुढच्या गोणीला परत जागं होईल. तुम्ही रविवारी इकडं या, मी कंबर बघते. तोवर अंथरुणात पडून राहू नका, सोसेल तेवढं घरातल्या घरात चाला. पायात मुंग्या आल्या, पाय बधिर झाला किंवा लघवीला त्रास झाला, तर माझी वाट न बघता त्याच दिवशी शिरूरला मोठ्या डॉक्टरकडं जायचं.

एक विचारते. कातडी बॅग कायम एकाच खांद्यावर असायची ना? आणि तिकीट फाडताना सीटला नेहमी एकच कुल्ला टेकवायचा ना? मला आठवतंय, तुम्ही आमच्या अंगणातसुद्धा तसेच उभे राहायचा. पुढं सीट नसायची, तरी टेकलेले.

हाडांच्या डॉक्टरच्या वरची पोस्ट मला मिळालेली नाही. मला जिन्याखालची खोली मिळाली आहे.

तुमची,
गौतमी

*

कवठे येमाई,
६ फेब्रुवारी २०००

चि. गौतमी,
आशीर्वाद आणि जयभीम.

दौंडहून आलो त्याला आठवडा झाला. राग शांत झाल्यावर लिहायचं ठरवलं होतं, पण तो शांत होईना, तेव्हा तसंच लिहितो.

मी एवढ्या लांबून दोन गाड्या बदलून आलो. मला वाटलं, तू मशीनवर घालशील, लाल बल्ब लागेल, काहीतरी गूं-गूं आवाज होईल. तुझ्या खोलीत मशीन म्हणून काही नाही. एक स्टूल, एक काठी, एक बादली आणि सतरंजी. हा सगळा संसार तर माझ्या घरी आहे. शेजारी कुरकुंभच्या कंपनीतला एक धिप्पाड बिहारी गडी रिकामा ड्रम उचलून ठेवत होता, परत उचलत होता आणि तू त्याला "बहुत अच्छा" म्हणत होतीस. तिकडं त्याला ड्रम उचलायचे पैसे मिळतात आणि इकडं तो तेच करायला पैसे देतो.

आणि माझ्याशी काय केलंस? "मामा, स्टुलावर बसा. आता हात न लावता उठा." आयुष्यभर मी लोकांना बसा-उठा केलं. काठी पाठीला लावून वाकायला लावलंस. डोकं, पाठ आणि ढुंगण, तिन्हीला काठी टेकली पाहिजे म्हणे. मामाला कुणी असं सांगतं का. पुढं रांगायला लावलंस. शेवटी जमिनीवर पालथं पडून उठायला सांगितलंस, तेव्हा तो बिहारी हसला. मी त्याला ओळखून ठेवलंय.

तरीपण जयंतीसाठी करीन. अंगणात केलं तर शेजारीपाजारी बघतील, म्हणून पहाटे शेतातल्या खळ्यावर जातो. तिथं काळं कुत्रं नसतं.

एक सल्ला. लाल बल्बचं एखादं मशीन घे. चालू नसलं तरी चालेल.

तुझा मामा

ता.क. खळ्यावर जातात आणि नुसते बसून येतात. काठी घेऊन जातात म्हणून लोकांना वाटतं रानडुकरं आली. — जाई

*

दौंड,
१३ फेब्रुवारी २०००

ती. मामा,
सप्रेम जयभीम.

खळ्यावर बसायला मी सांगितलेलं नाही.

एकदाच समजावते, मग तुमची मर्जी. तुमची कंबर काही मोडलेली नाही. ती वर्षानुवर्षं चुकीचं काम करतेय, एवढंच. वाकायचं काम खुब्यांचं आणि मांड्यांचं. ते दोघे बसून खातात आणि कंबर एकटी राबते. म्हणून ती काठी. काठी सुटली नाही म्हणजे कंबर गप्प आहे आणि खुबे कामाला लागलेत, असं समजायचं. बादली एका हातात धरून सरळ चालायचं, म्हणजे बॅगेनं वाकवलेला खांदा जागेवर येईल. जमिनीवर पालथं पडून उठणं तर सगळ्यात महत्त्वाचं. माणूस म्हातारा होतो म्हणजे काय, आधी जमिनीवर उतरणं सोडतो. उतरणं सोडलं की एक दिवस पडतो आणि उठता येत नाही.

हळू करा. जरा ताण पडला तर चालेल, कळ आली तर थांबा. आणि बरं वाटलं म्हणून सोडू नका. आत्ताचं करणं हे दुखण्यासाठी, पुढचं करणं ते परत दुखू नये म्हणून.

मशीनचं म्हणाल, तर हॉस्पिटलच्या अडगळीत लाल बल्बचा एक शेक द्यायचा दिवा सापडला. लोक व्यायाम करतात, तेव्हा तो कोपऱ्यात नुसता लावून ठेवते. काल वरवंडहून तीन बायका मुद्दाम "लाल लाईटवाल्या मॅडम" म्हणून विचारत आल्या. तुमचं ऐकलं, आता तुम्ही माझं ऐका.

गौतमी

*

कवठे येमाई,
५ मार्च २०००

चि. गौतमी,

तुझं खरं निघालं, हे मी फक्त पत्रात कबूल करतो. चप्पल मी आता स्वतः उचलतो, खुब्यातून. मामीला दाखवायला म्हणून दोनदा मुद्दाम खाली टाकली. स्टुलावरून हात न लावता उठतो. बादली घेऊन बांधावरून असा सरळ चालतो की डेपो मॅनेजरनं पाहिलं असतं तर सलाम केला असता.

पण दुसरंच लचांड उभं राहिलंय.

आमच्या खळ्यावरून समोर येमाईच्या देवळाचा कळस दिसतो, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. जन्मापासून दिसतोय, त्याकडं कोण बघतं. शेजारच्या शेतात बाळासोची शेवंती आहे. तो पहाटे फुलं तोडायला येतो. त्यानं काय पाहिलं, तर मी आधी पाण्याची बादली घेऊन येतो. मग काठी पाठीला लावून कळसाकडं तोंड करून वाकतो. मग पालथा पडतो. उठतो, थोडं चालतो, परत पालथा पडतो.

परवा तो डोळे पुसत जवळ आला. म्हणाला, "ज्ञानदेवराव, आईनं बोलावलं म्हंजी जावंच लागतंय. काय नवस हाय ते इचारत न्हाई."

मी म्हटलं, "बाळासो, हा व्यायाम आहे."

तो म्हणाला, "व्हय व्हय, व्यायामच. कुणाला सांगत न्हाई मी."

दुसऱ्या दिवशी खळ्यावर नारळ, हळदीकुंकू आणि शेवंतीची फुलं. त्याची बायको सिंधूबाई मामीला विचारून गेली की नवस मुलासाठी होता का नोकरीसाठी. माणसं मनानं चांगली आहेत, म्हणून तर त्यांच्यावर ओरडताही येत नाही.

आता माझी गोची बघ. मी दीक्षेनंतरच्या घरातला माणूस. बावीस प्रतिज्ञा लहान पोरांकडून पाठ करून घेतो. दर पौर्णिमेला विहारात वंदनेला पुढं. आणि मी देवीला दंडवत घालतो, असं गावात होतंय. खरं सांगावं, तर कंबर उघडी पडते आणि सतीश जीप आणतो. काय करू ते लवकर कळव.

मामा

ता.क. नारळाची चटणी केली. चांगला निघाला. — जाई

*

दौंड,
१२ मार्च २०००

ती. मामा,

तोंड फिरवा. कळसाकडं पाठ करून तेच करा. व्यायामाला दिशा नसते.

पत्र वाचताना मी एवढी हसले की लाल लाईटखालच्या आजीबाई घाबरून उठल्या. हात न लावता उठल्या, मामा. पहिल्यांदाच.

गौतमी

*

कवठे येमाई,
२६ मार्च २०००

चि. गौतमी,

तुझ्या सल्ल्यानं तोंड फिरवलं. कळसाकडं पाठ केली की समोर काय येतं, हे तू विचारलं नाहीस आणि मीही बघितलं नाही. समोर गेणबाचं घर येतं.

गेणबा माझा चुलतभाऊ. बांधावरच्या लिंबाची फांदी त्यानं मला न विचारता तोडली, तेव्हापासून आम्ही बोलत नाही. तू तेव्हा शाळेत होतीस. फांदी माझी, चूक त्याची, हे सगळ्या भावकीला माहीत आहे.

तर मी चार दिवस पहाटे त्याच्या दाराकडं तोंड करून पालथा पडत होतो आणि तो खिडकीतून बघत होता. पाचव्या दिवशी धावत आला. मी जमिनीवर असतानाच माझे खांदे धरले आणि रडायला लागला. "ज्ञानदेव, आरं माझ्या भावा, येवढं नको रं. मी माफ केलं तुला. कवाच केलंय." मला उठवलं, छातीशी धरलं, घरी नेऊन चहा पाजला. चहात साखर जास्त होती, पण बोलू शकलो नाही. घरातून निघताना त्याची बायको गिताबाई म्हणाली, "चूक मान्य कराया मोठं मन लागतं, भाऊजी."

गौतमी, चूक त्याची होती.

आणि काल मंडळाचं पत्र आलं, सचिव सतीशच्या सहीचं. "आपण देवीस दंडवत घालून धम्माच्या आचरणाशी विसंगत वर्तन केल्याचे समजते. तरी रविवार दि. ९ एप्रिल रोजी विहारात उपस्थित राहून खुलासा करावा. तोपर्यंत लेझीम पथकाचे नेतृत्व स्थगित." तीस वर्षांच्या सर्व्हिसमध्ये मला कधी मेमो मिळाला नाही. एकदा गाडीत शेळी बाळंत झाली, तरी नाही मिळाला. आणि तो आता मिळाला, आपल्याच विहारातून.

खरं सांगितलं तर जीप, नाही सांगितलं तर त्याहून वाईट. मला रात्री झोप लागली नाही. शिट्टी घासूनपुसून ठेवली होती, ती मामीनं ट्रंकेत ठेवून दिली. म्हणाली, बघत बसू नका.

मामा

*

दौंड,
३१ मार्च २०००

ती. मामा,

यावेळी हसले नाही.

खरं सांगा. तुमची कंबर धरली, तुम्ही भाचीकडं गेलात, तिनं सांगितलं तसं केलंत आणि आता चांगलं चालता, यात लपवण्यासारखं काय आहे? माझ्याकडं येणारे कंपनीतले गडीसुद्धा असंच लपवतात. सुपरवायझरला कळलं तर काम जाईल म्हणून दुखऱ्या पाठीनं ड्रम उचलतात आणि मग कायमचे घरी बसतात. त्यांना मी रोज सांगते की लपवू नका. माझाच मामा लपवत असेल, तर कुठल्या तोंडानं सांगू?

तुम्ही लेझीम खेळू शकता. हे मी भाची म्हणून नाही, दारावर जिचं नाव आहे ती म्हणून लिहिते. हवं तर हे पत्र विहारात वाचून दाखवा.

मला १४ तारखेला यायचं होतं. पण आमचे दुसरे फिजिओ रजेवर आहेत, मला सुट्टी नाही. जे होईल ते लगेच कळवा. मामी, तुम्हीच कळवा.

गौतमी

*

कवठे येमाई,
१६ एप्रिल २०००

चि. गौतमी,

मी जाई मामी. यावेळी ता.क. नाही, सगळं पत्रच माझं. यांना लिहायला सांगितलं, तर पहिल्या ओळीतच "ऐतिहासिक" लिहून बसले. मग मी वही काढून घेतली.

आधी मीटिंगचं सांगते. विहार भरलेला होता. बाळासो आपणहून येऊन दारात उभा राहिला. म्हणाला, "चूक माझी हाय, मीच बोललो, ज्ञानदेवरावला काय म्हणू नका." सतीशनं त्याला आत बसवलं, चहा दिला, पण कागदावर लिहून घेतलं. मग गेणबा भाऊजी उठले. छाती पुढं काढून म्हणाले, "दंडवत घातलं ही खरी गोष्ट हाय. पन देवीला न्हाई, मला. माझी माफी मागत व्हता त्यो. मोठ्या मनाचा माणूस हाय."

सगळ्यांना पटलं. सतीशसुद्धा म्हणाला, "मग मिटलं. भावाभावातली गोष्ट, धम्माचा काय संबंध न्हाई. मामा, लेझीम तुमचं."

यांनी नुसतं "हो" म्हणायचं होतं. कंबर झाकली राहिली असती, शिट्टी मिळाली असती. मी खालून पदर ओढून खूण केली. पण यांचं तोंड गेणबा भाऊजींकडं. चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा फुगल्या. आणि म्हणाले, "मी माफी मागितलेली न्हाई. लिंब माझा व्हता. माझी कंबर धरली व्हती."

मग सगळं सांगितलं. चप्पल सांगितली, तुझी काठी सांगितली, रांगणंसुद्धा सांगितलं. तुझं पत्र वाचून दाखवलं. "दारावर जिचं नाव आहे ती" ही ओळ दोनदा वाचली आणि कागद लेझीम पथकातल्या म्हाळूच्या हातात दिला, पुढचं त्यानं वाचलं. यांनी ट्रंकेतून आणलेली शिट्टी खिशातून काढून टेबलावर ठेवली. म्हणाले, "जीप कितीला आणायची ते सांगा, म्हंजी मी कपडे करून ठिवतो."

मग सतीश म्हणाला, "मामा, करून दाखवा ना ते उठणं." यांनी दाखवलं. पालथे पडले, उठले, हात गुडघ्याला न लावता. म्हाळू म्हणाला, यात काय एवढं, आणि खाली पडला, तर त्याला दोघांनी उचललं. मग सगळ्यांनाच चेव आला. विहारात निम्मी माणसं पालथी आणि निम्मी त्यांना उठवतायत. बाळासो पहिल्या फटक्यात उठला. म्हणाला, फुलं तोडून सवय हाय. शेवटी सचिव या नात्यानं सतीश पडला. कुरकुंभला तीन वर्षं ड्रम उचलतोय ना. अर्धा उठला आणि तिथंच अडकला. यांनी त्याला कुशीवर वळवून, तू सांगितलंस तसं हळूहळू उभं केलं आणि कानात म्हणाले, "घाबरू नको, कुणाला सांगत न्हाई." सगळं गाव बघत होतं. मग सतीशनं टेबलावरची शिट्टी यांच्या हातात दिली, जीपचं नाव काढलं नाही.

सतीश पुढच्या आठवड्यात तुझ्याकडं येईल. लाल लाईट लावून ठेव, त्याचा त्यावर विश्वास आहे.

मिरवणुकीत त्याला वाकता येत नव्हतं, मान वळत नव्हती. ताठच्या ताठ, सरळ समोर बघत चालला होता. शिरूरहून आलेल्या पाहुण्यांनी भाषणात सांगितलं, या तरुणाची शिस्त सगळ्यांनी घ्यावी.

आता यांचं. पांढरा शर्ट, निळा फेटा, तोंडात शिट्टी. हलगी सुरू झाली. लेझमाचे पहिले हात साधे असतात, ते झाले. चौकात आल्यावर तो बसायचा हात येतो, सगळी ओळ एकदम जमिनीला टेकते आणि एकदम उठते. मी बायकांच्या घोळक्यात होते. मी यांना घरी बजावलं होतं, तो हात घेऊ नका, कुणी काही म्हणणार नाही. यांनी शिट्टी मारली. ओळ खाली गेली, हे खाली गेले. ओळ उठली. हे उठलेच नाहीत.

हलगी थांबली. लोक धावायला निघाले, तर यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. तसेच उकिडवे बसून राहिले आणि घोळक्यात मला शोधायला लागले. मी दिसले, तर तिथून ओरडून म्हणाले, "जाई, दुखत न्हाई."

एवढ्या माणसांत मला नावानं हाक मारली, गौतमी. लग्नाला चौतीस वर्षं झाली, आजवर "अगं" आणि "ऐकलं का". डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होते. मग हात न टेकता उठले, शिट्टी मारली आणि ओळ पुढं गेली.

मी मात्र रस्त्यातच खाली बसले. रडू आवरेना. चार बायका धावत आल्या, आणि सिंधूबाई सगळ्यांना सांगत होती, हिचीबी कंबर धरली वाटतं.

तुझी,
जाई मामी